एकशेएकावी पावती

रात्री साडेबाराला टीव्हीवरचा आकडा ३१,८५० वरून थेट १,००२ वर आला, आणि मांडवातल्या तीनचारशे माणसांनी तो खाली येताना पाहिला.

जत्रा आमच्याच वाड्यावरची, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. पालखी देवळाला फेरी घालून आत गेली होती आणि नाटकाचा पहिला अंक नुकताच संपला होता. देणगीच्या टेबलाशी खरी झुंबड उडते ती दोन अंकांच्या मधे. कोणी आईच्या नावानं देतो, कोणी मुंबईला असलेल्या भावाच्या नावानं, कोणी नुसतंच ‘एक भाविक’ लिही म्हणतो. टेबलावर पावतीपुस्तक आणि पत्र्याची पेटी दरवर्षीचीच. यंदा त्यांच्या शेजारी एक लॅपटॉप आला होता, आणि त्याला जोडलेला टीव्ही मांडवाच्या खांबाला सुंभानं बांधला होता. देणगीचा एकूण आकडा सगळ्यांना दिसावा, म्हणजे देणाऱ्यालाही हुरूप येतो, अशी समितीतल्या तरुण मंडळींची कल्पना.

लॅपटॉपवरचा प्रोग्राम लिहिला होता शेजारच्या घरातल्या मुलानं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि संध्याकाळी माझ्याकडे प्रोग्रामिंग शिकायला येतो. म्हणजे या प्रकरणात माझाही हात होताच, हे आधीच सांगून टाकतो.

प्रोग्राम साधा होता. रक्कम टाकायची, एंटर दाबायचा, एकूण आकडा वाढतो. चुकून ५०१ च्या जागी ५००१ पडलं तर ‘र’ दाबायचा, म्हणजे शेवटची नोंद रद्द होते आणि आकडा तितकाच खाली येतो. आणखी आधीची चूक लक्षात आली तर पुन्हा ‘र’. शेवटची नोंद आधी निघणार, तिच्या आधीची त्यानंतर. कॉलेजात नुकताच शिकवलेला स्टॅक, म्हणजे एकावर एक रचत जायची आणि वरूनच काढायची मांडणी, त्याला इथं चपखल बसलेला दिसला, आणि तो बसतोही. त्याची निवड चुकली नव्हती.

आता त्या रात्रीचा घटनाक्रम नीट सांगतो, कारण सगळं उत्तर त्या आकड्यांतच होतं.

शंभर पावत्या झाल्या तेव्हा एकूण ३१,८५० होते. पुढची देणगी आली ५०१ ची. पोरानं ५०१ टाकले आणि टीव्हीवर ३२,३५१ च्या जागी १,००२ आले. तो गडबडला. स्वाभाविकच ‘र’ दाबला. आकडा शून्य झाला. पुन्हा ५०१ टाकले, पुन्हा १,००२. पुन्हा ‘र’, पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा १,००२ आल्यावर त्यानं हात टेकले आणि म्हटलं, निदान पुढची पावती तरी घेऊ. पुढची होती १०१ ची. ती टाकल्यावर रक्कम चढलीच नाही. उलट टीव्हीवर रोमन लिपीत दोन शब्द उमटले: ‘स्टॅक ओव्हरफ्लो’, म्हणजे स्टॅक भरून सांडला.

मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “पंप बंद करात रे, टाकी भरली!” मांडव हसला. पण सगळेच हसत नव्हते. देवळाच्या पैशांचा आकडा डोळ्यांदेखत बत्तीस हजारांवरून शून्यावर जातो तेव्हा लोकांच्या मनात कंपायलर येत नाही. दोनतीन माणसं उठून टेबलापाशी आली. त्यांनी काही विचारलं नाही, नुसती पेटीकडे पाहत उभी राहिली. पोराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला तो त्या ओव्हरफ्लोमुळे नव्हे.

वाचवलं ते खजिनदारकाकांनी. “मशीन चालव, पण पुस्तक मी लिहिणार” असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. कार्बन घालून प्रत्येक पावती हातानं लिहिलेली होती. त्यांनी टीव्हीची वायर काढायला लावली, चष्मा पुसला, आणि लोकांसमोरच पुस्तकातल्या रकमांची बेरीज करायला बसले. दुसरा अंक सुरू होईपर्यंत बेरीज झाली आणि पेटीतल्या नोटांशी जुळली. मग पोराला म्हणाले, “वच पुता, नाटक पळे.” तो नाटक बघायला गेला नाही. घरी जाऊन झोपलाही नसावा, कारण सकाळी सातला लॅपटॉप घेऊन माझ्या दारात उभा होता.

“सर, व्हायरस असेल का?”

आकडा बिघडला की व्हायरस, हा आपल्याकडचा पहिला निदानमार्ग. मी त्याला लॅपटॉप उघडू दिला नाही. चहा दिला आणि आधी काय काय दिसलं ते क्रमानं कागदावर लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं: १,००२. शून्य. १,००२. शून्य. १,००२. मग ओव्हरफ्लो.

“शेवटची पावती कितीची होती?”

“पाचशे एकची.”

“मग एक हजार दोन म्हणजे?”

तो थांबला. “दुप्पट.”

हाच धागा. बिघडलेला आकडा जर काहीही अगडबंब आला असता, ऋण दोन अब्जाच्या घरातला वगैरे, तर शोध लांबला असता. पण बरोब्बर दुप्पट, आणि दर वेळी दुप्पट, म्हणजे यंत्र इमानदारीनं काहीतरी करत होतं. ते काय करत होतं हे फक्त आपल्याला माहीत नव्हतं.

आता प्रोग्रामच्या आत जाऊ. तो सी भाषेत होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवलेली ही भाषा आजही आपल्याकडे डिप्लोमाला पहिली शिकवतात. या भाषेचा स्वभाव असा की तुम्ही सांगाल ते ती करते, ‘खरंच करू का?’ असं विचारत नाही. शंभर खणांची रांग मागितली आणि एकशेएकाव्या खणात लिहायला सांगितलं, तर ती तिथं जे काही असेल त्यावर लिहून मोकळी होते.

पोरानं एक स्ट्रक्चर, म्हणजे एकत्र ठेवायच्या गोष्टींचा गठ्ठा, केलं होतं. त्यात पहिलं शंभर पूर्णांकांची रांग, खण ० ते खण ९९. तिच्या लगेच पुढे ‘एकूण’ नावाचा एक पूर्णांक. मग ‘टोक’, म्हणजे स्टॅक कुठवर आला ते सांगणारा आकडा. स्ट्रक्चरमधल्या गोष्टी लिहिल्या त्याच क्रमानं स्मृतीत मांडल्या जातात, आणि सगळेच चार बाइटचे पूर्णांक असल्यामुळे मधे रिकामी जागा सोडायचं कारण नव्हतं. चारशे बाइटची रांग संपली की पुढचा बाइट ‘एकूण’चा. म्हणजे खण ९९ च्या शेजारी, भिंतीला भिंत लावून, देवळाची सगळी देणगी राहत होती. खण १०० असा खण नव्हताच, पण त्या पत्त्यावर गेलं की दार ‘एकूण’चं उघडायचं.

मी कागदावर चौकोन काढले आणि पोराला त्याचाच प्रोग्राम हातानं चालवायला लावला. हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला करायला लावतो आणि प्रत्येकाला ते शाळकरी वाटतं.

त्याचे दोन नियम मराठीत मांडले तर असे होते:

टाक: टोक == १०० असेल तर ‘भरला’ म्हण. नाहीतर टोक एकानं वाढव, खण[टोक] मध्ये रक्कम ठेव, मग एकूण मध्ये रक्कम मिळव.

काढ: टोक == ० असेल तर ‘रिकामा’ म्हण. नाहीतर खण[टोक] मधली रक्कम घे, टोक एकानं कमी कर, मग एकूण मधून ती रक्कम वजा कर.

आणि सुरुवातीला टोक = -१.

शंभर पावत्या झाल्या तेव्हा टोक ९९ वर होतं. एकशेएकावी आली. ९९ म्हणजे १०० नव्हे, तेव्हा ‘भरला’ म्हणायचं कारण नाही. टोक झालं १००. खण[१००] मध्ये ५०१ ठेवले, म्हणजे खरं तर ‘एकूण’ पुसून तिथं ५०१ लिहिले. मग नियमाप्रमाणे एकूण मध्ये ५०१ मिळवले. ५०१ आणि ५०१, एक हजार दोन.

आता ‘र’. खण[१००] मधली रक्कम घे, म्हणजे ‘एकूण’चीच रक्कम घे: १,००२. टोक ९९. एकूण मधून १,००२ वजा. शून्य.

पोरानं पेन्सिल खाली ठेवली आणि कागदाकडे बराच वेळ बघत बसला. हसू येत होतं आणि येऊ द्यावं की नाही हे कळत नव्हतं, असा चेहरा. पुढचं त्यानं स्वतःच सांगितलं: पुन्हा टाकलं की टोक पुन्हा १००, आणि पुन्हा तेच. ‘र’ न दाबता पुढची १०१ ची पावती टाकली तेव्हा टोक १०० वरच होतं, म्हणून त्या वेळी मात्र तपासणी लागू पडली आणि ओव्हरफ्लोचा संदेश आला. पहारेकरी होता, पण एक पाहुणा आत गेल्यावर जागा व्हायचा.

मग मी विचारलं, “ही तपासणी कुठून घेतलीस?”

इथं खरं कारण निघालं. ‘टाक’ आणि ‘काढ’ त्यानं कॉलेजच्या वहीतून घेतले होते. ‘भरला’ आणि ‘रिकामा’ यांच्या तपासण्या दुसऱ्याच एका ठिकाणच्या. दोन्ही ठिकाणचा कोड आपापल्या जागी बिनचूक होता. गडबड अशी की ‘टोक’ या शब्दाचा अर्थ दोघांत वेगळा होता.

एका पद्धतीत टोक शेवटच्या भरलेल्या खणाकडे बोट दाखवतं. काहीच नसेल तर ते -१, आणि शंभर भरले की ९९. दुसऱ्या पद्धतीत टोक पहिल्या रिकाम्या खणाकडे बोट दाखवतं, म्हणजेच आत किती नोंदी आहेत तो आकडा. काहीच नसेल तर ०, शंभर भरले की १००. पहिल्या पद्धतीची हालचाल आणि दुसऱ्या पद्धतीचे पहारे एकत्र बांधले की दोन्ही टोकांना एकएक खणाचा घोळ होतो. मधल्या अठ्ठ्याण्णव खणांना त्याचा पत्ताही लागत नाही.

प्रोसेसर बनवणाऱ्यांनाही ही निवड करावीच लागली आहे. इंटेलच्या घराण्यातले प्रोसेसर ‘पुश’ करताना, म्हणजे स्टॅकवर टाकताना, आधी पत्ता कमी करतात आणि मग लिहितात, म्हणजे त्यांचं टोक नेहमी शेवटच्या भरलेल्या जागेवर असतं. एआरएमच्या जुन्या आज्ञासंचात तर चारही प्रकारांची सोय होती: भरलेल्याकडे बोट किंवा रिकाम्याकडे, आणि चवड, म्हणजे स्टॅक, वर वाढणारी किंवा खाली. चारांतला कोणताही घ्या, पण दोन एकत्र करू नका. आमच्या पोरानं नेमकं तेच केलं होतं, तेही नकळत.

मी वर ‘चवड’ म्हटलं. वर्गात मी स्टॅकला चवडच म्हणतो. भाकऱ्यांची चवड, रुपयांची चवड, नाटक संपल्यावर मांडवात रचून ठेवतात ती खुर्च्यांची चवड. आजीच्या घरची उतरंडही चालली असती, पण उतरंडीत मोठं मडकं खाली आणि लहान वर असावं लागतं, आणि स्टॅकला वस्तूच्या आकाराशी देणंघेणं नाही. शिवाय उतरंड म्हटलं की वर्गातल्या कोणाला तरी ‘उतरंडीला नसेना दाणा’ आठवतं आणि तास तिथंच संपतो. ॲलन ट्युरिंग यांनी १९४६ च्या सुमाराला आपल्या नियोजित यंत्राच्या अहवालात उपकार्यातून परत यायचा पत्ता जपून ठेवण्याला ‘पुरणे’ आणि परत काढण्याला ‘उकरणे’ अशा अर्थाचे शब्द वापरले होते. जर्मनीत फ्रीड्रिख बाउअर आणि क्लाउस सामेल्सोन यांनी १९५७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा त्यांचा शब्द होता ‘तळघर’. प्रत्येकानं आपापल्या घरातलीच उपमा शोधली. मग आपण चवड म्हणायला कशाला लाजायचं?

असो. ‘दोन्ही टोकांना घोळ’ म्हटलं, तर दुसऱ्या टोकाचं काय? तिथं पोर एकदम ओशाळलं.

“सर, ते मला माहीत होतं.”

काय माहीत होतं? तर, पहिली पावती रद्द होत नाही हे. एकच नोंद असेल तेव्हा टोक ० वर असतं, आणि ‘टोक == ०’ म्हणजे ‘रिकामा’ असं त्याचा पहारेकरी समजतो. म्हणून तळाची नोंद कधीच निघायची नाही. जत्रेच्या आदल्या दिवशी समितीसमोर प्रोग्राम दाखवताना हे सगळ्यांसमोर घडलं होतं. पहिली पावती दरवर्षी देवाच्या नावानं फाडतात, एक रुपया जोडून. एकानं गंमत म्हणून ती रद्द करून बघितली, आणि यंत्र म्हणालं ‘रिकामा’. सगळे खूश. देवाची पावती रद्द होत नाही म्हणजे बघा! पोरानंही तो मान स्वीकारला. चूक आधीच दार ठोठावून गेली होती, आम्ही तिला नारळ देऊन परत पाठवलं.

आता माझा हिस्सा. हा प्रोग्राम त्यानं मला दाखवला होता. मी पाच रकमा टाकल्या, तीन काढल्या, बेरीज जुळली, म्हटलं छान. प्रात्यक्षिक परीक्षेतही असंच होतं. परीक्षक पाच घालतात, तीन काढतात, सही करतात. चवडीच्या मधोमध सगळेच प्रोग्राम बरोबर चालतात. तिथं तपासणं म्हणजे पूल भक्कम आहे का ते बघायला त्याच्या मधोमध उभं राहणं आणि जोड कुठं आहेत ते न बघणं. मला पंधरा वर्षांची सवय, तरीही मी तेच केलं.

करायला काय हवं होतं? क्षमता १०० ऐवजी ३ करायची. एवढंच. बाकी प्रोग्रामला हात लावायचा नाही. मग एक टाक आणि काढ. रिकाम्यातून काढ. तीन टाक. चौथी टाक. चार मिनिटांचं काम. आम्ही त्या सकाळी ते केलं तेव्हा चौथ्याच रकमेला दुप्पट आकडा आला, आणि जत्रेच्या रात्री शंभर माणसांना रांगेत उभं करून जे सापडलं ते ओसरीवर सापडलं.

मी शिकवताना आणखी एका गोष्टीवर भर देतो, ती म्हणजे यंत्राकडूनच तपासणी करून घेणं. इथं एक खाचखळगा आहे तो सांगण्यासारखा आहे. माझ्या उबंटूवर जीसीसी या कंपायलरनं, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामनं, मी हाच प्रोग्राम सगळ्या सूचना चालू ठेवून कंपाइल केला. एकही सूचना नाही. ते ठीकच, कारण टोक कुठं जाणार हे प्रोग्राम चालल्याशिवाय कळत नाही. मग ॲड्रेस सॅनिटायझर लावला. स्मृतीतली घुसखोरी पकडण्यात त्याचं मोठं नाव आहे. तोही गप्प! कारण आमची घुसखोरी एकाच स्ट्रक्चरच्या आत होती. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्याला कुंपणावरचा राखणदार अडवत नाही. मग बाउंड्सची, म्हणजे रांगेच्या हद्दीची, तपासणी चालू केली, जी अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझरमध्ये येते. तिनं मात्र पहिल्याच फटक्याला ओळ क्रमांकासकट सांगितलं, की शंभर खणांच्या रांगेत तुम्ही शंभर हा निर्देशांक वापरताय. तेव्हा ‘सॅनिटायझर लावून बघितलं, काही नाही’ असं कोणी म्हटलं तर कोणता ते विचारा.

आणि एक इशारा. वर मी जी दुप्पट आणि शून्याची गोष्ट सांगितली ती पोराच्या लॅपटॉपवर, ऑप्टिमायझेशन (प्रोग्राम वेगवान व्हावा म्हणून कंपायलर करतो ती फेरमांडणी) न लावता घडलेली आहे. सी भाषेचं प्रमाण या अशा लिहिण्याला अनडिफाइन्ड बिहेवियर म्हणतं, म्हणजे काय व्हावं याची कसलीच हमी देत नाही. ऑप्टिमायझेशन चालू केलं की खणात लिहिल्यानं ‘एकूण’ बदलत नाही असं कंपायलर गृहीत धरू शकतो, आणि मग आकडे वेगळे येतील, कदाचित बरोबरही येतील. बरोबर आलेले आकडे जास्त धोक्याचे. ते पुढच्या जत्रेपर्यंत गप्प बसतात.

“मग पायथॉनमध्ये लिहायला हवं होतं का, सर?”

हो आणि नाही. पायथॉनची यादी आपोआप वाढते, तेव्हा वरचं टोक सुटलं असतं, आणि रिकाम्या यादीतून काढायला गेलं तर ती तिथंच अडवते. पण हाच कोड, शंभर खणांची यादी आणि -१ चं टोक घेऊन, जसाच्या तसा पायथॉनमध्ये नेला तर खालच्या टोकाला नवीच मजा. पायथॉनमध्ये -१ हा निर्देशांक वैध आहे आणि त्याचा अर्थ ‘शेवटचा खण’. तपासणी विसरून रिकाम्या चवडीतून काढलं तर चूक दाखवण्याऐवजी ते शंभराव्या खणातलं काहीतरी गुपचूप काढून हातात देतं. जावा भाषेनं दोन्ही टोकांना ‘अपवाद’ फेकून, म्हणजे चूक जाहीर करून, थांबवलं असतं. भाषा बदलून काही चुका ओरडतात, काही कुजबुजतात.

दुरुस्तीला आम्ही बसलो तेव्हा पोराला लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता ठेवणारी साखळी, करायची होती. मर्यादाच नको, म्हणजे भरायचा प्रश्नच नाही. वयच असं असतं की एक खण चुकला म्हणून घर पाडून नवीन बांधावंसं वाटतं. मी त्याला हिशोब करायला लावला. रकमेचे चार बाइट, पुढच्या कडीच्या पत्त्याचे आठ, मधली भर धरून सोळा, आणि ६४ बिटांच्या लिनक्सवर सामान्यतः मॅलॉक (स्मृतीतली जागा मागायची सोय) अशा मागणीला बत्तीस बाइटांचा तुकडा देतो. चार बाइटांच्या रकमेसाठी बत्तीस. शिवाय प्रत्येक कडी मोकळी करायची आठवण ठेवायची. आमच्या जत्रेला दोनतीनशे पावत्या होतात. क्षमता १००० केली तरी रांग चार हजार बाइटांची. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारं ‘सुप्रभात’ याच्या कितीतरी पट मोठं असतं.

तेव्हा रांगच ठेवली. बदल तीन केले. पहिला, ‘टोक’ हे नावच काढून टाकलं आणि ‘संख्या’ ठेवलं. संख्या म्हणजे आत किती नोंदी आहेत ती. टाकताना खण[संख्या] मध्ये ठेव आणि मग संख्या वाढव. काढताना आधी संख्या कमी कर, मग खण[संख्या] मधून घे. संख्या ० म्हणजे रिकामा, संख्या क्षमतेइतकी म्हणजे भरला. -१ कुठंच नाही, ‘क्षमता उणे एक’ही कुठंच नाही. दोन्ही पद्धती बरोबर आहेत हे मला मान्य आहे, पण नाव वाचून अर्थ कळतो अशी पद्धत मला नवशिक्याच्या हातात द्यायला आवडते. त्याचं नाव आधीच ‘संख्या’ असतं, तर दुसऱ्या ठिकाणची तपासणी त्याला डकवताना डोळ्यांत खुपली असती.

दुसरा, ‘एकूण’ला चवडीच्या घरातून बाहेर काढलं. रद्द करण्याचा इतिहास ही एक गोष्ट, देवळाचा पैसा ही दुसरी. एकाच स्ट्रक्चरमध्ये त्यांना ठेवलं तेव्हा पोराला ते नीटनेटकं वाटलं होतं.

तिसरा बदल माझा नव्हे, खजिनदारकाकांचा. दुरुस्त प्रोग्राम दाखवायला आम्ही संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खण ९९ च्या भिंतीची गोष्ट ऐकून मान हलवली, आणि विचारलं, “रद्द केलेली पावती जाते खंय?”

कुठंच नाही. संख्या कमी होते, पुढची रक्कम त्याच खणावर बसते.

काकांनी पावतीपुस्तक उघडून दाखवलं. त्यात तीन पावत्यांवर आडवी रेघ, ‘रद्द’ असं लिहिलेलं, आणि मूळ प्रत कार्बनच्या प्रतीला टाचलेली. “पान फाडायचं नसतं,” ते म्हणाले. “फाडलं की नंबर तुटतो. नंबर तुटला की लोक विचारतात.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्टॅकमधून काढलेली वस्तू गेली, हा त्या रचनेचा गुणच आहे, आणि मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये चुकून टाइप केलेलं अक्षर मागे घेताना तेच हवं असतं. पैशांच्या वहीत ते नको. तेव्हा आता नोंदी एका फाइलमध्ये एकाखाली एक जातात आणि कधीच पुसल्या जात नाहीत. रद्द म्हणजे तितक्याच ऋण रकमेची नवी नोंद, मूळ पावतीचा नंबर लावून. चवड राहिली ती फक्त ‘आता रद्द करायची ती कोणती’ हे सांगायला, आणि तिच्यात रकमेऐवजी पावती क्रमांक असतो. चवड भरलीच तर सगळ्यात तळाचा क्रमांक सोडून द्यायचा असंही ठरवलं. हजार पावत्यांमागे जाऊन ‘र’ कोणी दाबणार नाही, आणि दाबायची वेळ आलीच तर काकांचं पुस्तक आहे. शुद्ध स्टॅक म्हणवणाऱ्याला हे पटणार नाही. मलाही दोन दिवस पटलं नव्हतं.

क्षमता ३ ठेवून काकांसमोर चाचणी केली. रिकाम्यातून काढलं, टाकलं, काढलं, भरलं, जास्त टाकलं. सगळं जुळलं. पोरानं पहिलीच पावती रद्द करूनही दाखवली, आता निघते म्हणून, जरा अभिमानानंच.

काकांचा चेहरा उतरला. “ती देवाची रे.”

“पण काका, ती चूक होती.”

“होती खरी. पण समितीला सांगून झालंय, देवाची पावती रद्द होत नाही.”

पोरानं माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपाकडे. मग त्यानं तिथंच बसून एक ओळ वाढवली: संख्या == १ असेल तर काढू नको. संदेश काय दाखवायचा यावर दहा मिनिटं चर्चा झाली. ‘रिकामा’ म्हणणं खोटं ठरलं असतं. शेवटी काकांनीच सांगितलं तो टाकला: ‘ही पावती देवाची आहे.’